लहान-मोठ्याच्या पाठाची कुळकथा

खानदेशातील खेड्यांत बालवाडी पोहोचण्यापूर्वी लहान-मोठेपणाचा पहिला पाठ धान्याच्या कोठीपाशी होत असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. धाकटे माप थोरल्यात रिते करणाऱ्या पोराला हा हिशेब अंकओळखीच्या आधीच हाताने उमगे. १९५८ पासून दशमान पद्धतीचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि ही मापे हळूहळू अडगळीत गेली.

हाच पाठ देऊ पाहणाऱ्या चित्रपुस्तकाचे कूळ मात्र दूरच्या मुलखातले. ज्ञानाचा आरंभ इंद्रियांपासून होतो, अशी ज्याची निष्ठा होती, त्या मोराव्हियातील कोमेनियसने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे बालकांसाठी सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि चित्रातील वस्तूंना क्रमांक देऊन त्यांची नावे मजकुरात जुळविण्याची तजवीज केली. परंतु हत्ती आणि मुंगी यांना सारखीच चौकट देणाऱ्या छापील पृष्ठावर वस्तू ओळखता आली, तरी तिचे आकारमान कळतेच असे नाही. ते हाताला कळावे म्हणून मारिया माँटेसरी यांच्या बालगृहांत एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा गुलाबी घन आले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या बालमंदिरात ही पद्धती आत्मसात केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ती खेड्यात नेली आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया व पाने योजिली.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेने शिक्षणाची ही वाट जळगाव-धुळ्याच्या खेड्यांपर्यंतही आणली. तेथे साधनांची वाण मुळीच नाही. रावेर-यावलकडील केळीच्या घडात वरची फणी थोराड असते, आणि केळफुलाकडे उतरताना फणीगणिक केळी आखूड होत जातात. चढत्या-उतरत्या क्रमाचा याहून सुबोध पाठ कोणता? धुळ्याकडे बाजरीचे लांबट कणीस ज्वारीच्या जाडजूड कणसाशेजारी ठेवले, की ‘मोठे कोणते?’ या प्रश्नाला एकच उत्तर पुरत नाही, आणि लांबी व जाडी या निराळ्या गोष्टी आहेत हे मुलाला आपसूक कळते.

म्हणून या प्रदेशातील चित्रपुस्तकाने हाताळलेल्या वस्तूंचीच चित्रे प्रथम द्यावीत, आणि अपरिचित वस्तू परिचित वस्तूच्या शेजारी, परस्परप्रमाण राखून काढावी. हाताने मापलेले ज्याच्या पदरी आहे, त्याच मुलाला न पाहिलेल्या हत्तीचा अदमास चित्रावरून बांधता येतो.