अर्धवटराव
शब्दभ्रमकलेच्या प्रयोगांतील प्रसिद्ध मराठी बोलका बाहुला.

शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये यांनी तो १९१६ मध्ये निर्माण केला. पुत्र रामदास पाध्ये १९६७ पासून त्याचे प्रयोग करू लागले. आवडाबाई ही अर्धवटरावाची पत्नी.

कळ ओढली की बाहुल्याचा जबडा हलतो. कलावंत ओठ न हलवता बोलतो. प, ब, म यांसारख्या ओष्ठ्य वर्णांचा आभास जिभेने साधावा लागतो (पहा : शब्दभ्रमकला). ‘द मपेट शो’ (१९७६–८१) या बाहुल्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नामवंत पाहुणा बाहुल्यांच्या तावडीत सापडे. अर्धवटरावाच्या प्रयोगांत ती पाळी खुद्द कलावंतावर येते.

पाध्ये पितापुत्रांच्या या परंपरेमुळे बोलका बाहुला मराठी रंगमंचावर रुळला (पहा : कळसूत्री बाहुल्या). ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुलाही रामदास पाध्ये यांचाच.