हिंगण्याची झोपडी

हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या जुन्या वास्तूच्या आठवणी वाचताना मला पुण्यातील एका स्थलांतराची आठवण झाली. सामान्यतः शाळा अपुऱ्या जागेतून प्रशस्त इमारतीत जाते. 1900 साली मात्र एक शाळा शहरातील घर सोडून झोपडीत गेली.

धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले. दाट वस्तीत मुलींना ठेवणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी गावाबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन व 750 रुपये दिले. त्या माळावर एक साधी झोपडी उभी राहिली. हीच नवी इमारत!

कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. तेथील काम आटोपले की आश्रमाला लागणारे सामान घेऊन ते पायी हिंगण्याला जात. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरून जाई. आधीच घरादाराला पारख्या झालेल्या मुलींनी त्या निर्जन माळावरची पहिली रात्र कशी काढली असेल? शहरातील प्रतिष्ठितांना मात्र विधवांची शाळा नजरेआड गेल्याचे फारसे दुःख झाले नसावे, असे मला वाटते.

याच आश्रमात शिकलेल्या, स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले पुढे संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे असतानाही त्या एकट्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.