भट्टी, मज्जा आणि फासे

तारापूर म्हटलं की काय आठवतं? बोईसर स्टेशनवर सकाळी उतरणारी एमआयडीसीची गर्दी आणि समुद्रकाठचं अणुऊर्जा केंद्र. आपल्या हाडांच्या आतली मज्जा आठवायचं काहीच कारण नाही. पण १९६४ सालात जरा डोकावलं तर या दोघांची गाठ पडते.

त्या वर्षी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा करार झाला. त्याच वर्षी तिकडे टोरांटोमध्ये जेम्स टिल, अर्नेस्ट मॅकलॉक आणि लुई सिमिनोविच या तिघांनी रक्ताच्या मूळपेशींवर एक शोधनिबंध छापला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. गंमत अशी की दोन्हींच्या बुडाशी असलेलं गणित मात्र एकच. आणि त्या गणितात फासे आहेत!

आधी भट्टी बघू. युरेनियमचा अणू फुटला की सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातला एखादा पुढचा अणू फोडतो, एखादा मधेच शोषला जातो, एखादा निसटून जातो. अमुक एक न्यूट्रॉन काय करेल, हे कुणालाही सांगता येत नाही. पण एका फुटण्यातून सरासरी बरोब्बर एकच नवं फुटणं झालं की भट्टी स्थिर चालते. सरासरी एकाखाली गेली तर विझत जाते, एकावर गेली तर भडकत जाते. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरने व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली, ती याच हिशोबावर. न्यूट्रॉन बेभरवशाचे, वीज भरवशाची.

हे गणित जुनं आहे, बरं का. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये गाल्टन आणि वॉटसन यांनी ते मांडलं, तेही आडनावांसाठी! कुणाला तीन मुलगे, कुणाला एकही नाही, मग एखादं आडनाव पुढच्या पिढ्यांमध्ये टिकेल की बुडेल, असा प्रश्न होता.

आता मज्जा. हिरोशिमा-नागासाकीनंतर डॉक्टरांना एक गोष्ट कळून चुकली होती. किरणोत्सर्गाचा मोठा मारा झाला की आधी बसते ती मज्जा. नवं रक्त तयार होणं थांबतं आणि माणूस जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने जातो. जे वाचले, त्यांच्यात काही वर्षांत ल्युकेमियाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मज्जेच्या पेशी किती किरणोत्सर्ग सोसू शकतात, हे मोजणं त्या काळी तातडीचं होऊन बसलं.

टिल भौतिकीवाला, मॅकलॉक डॉक्टर. दोघांनी उंदरांवर किरणांचा मारा करून त्यांची मज्जा निकामी केली आणि दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी त्यांना टोचल्या. असं सांगतात की मॅकलॉक एका रविवारी लॅबमध्ये गेला (वीकेंडला ऑफिसला जाणाऱ्यांनो, वाचताय ना?) आणि त्याला उंदरांच्या प्लीहेवर छोट्या छोट्या गाठी दिसल्या. हिशोब केला तर साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ पडत होती. १९६१ मध्ये हे काम छापून आलं. १९६३ मध्ये सिद्ध झालं की एक गाठ म्हणजे एकाच पेशीची प्रजा. रक्ताच्या मूळपेशी अशा सापडल्या. म्हणजे शोधायला निघाले किरणांचा परिणाम, आणि हाती लागली रक्ताची गंगोत्री.

पुढे कोडं पडलं. एका गाठीत नव्या मूळपेशी ढिगाने, तर शेजारच्या गाठीत जेमतेम. वय तेच, उंदीर तसाच, मग एवढा फरक का? १९६४ च्या त्या शोधनिबंधाचं उत्तर धीट होतं: फरकाला वेगळं कारण शोधूच नका. प्रत्येक मूळपेशी फासा टाकते असं धरा. विभागून दोन मूळपेशी होण्याची शक्यता ०.६, आणि मूळपेशीपण सोडून देण्याची ०.४. कॉम्प्युटरला यादृच्छिक आकडे देऊन त्यांनी कागदोपत्री गाठी वाढवल्या, तर त्या खऱ्या गाठींसारख्याच कमी-जास्त निघाल्या. ही मॉन्टे कार्लो पद्धत आली कुठून? १९४० च्या दशकात लॉस अलामोसला उलाम आणि फॉन नॉयमन यांनी ती बसवली, न्यूट्रॉनांचा माग काढायला. म्हणजे अणुबॉम्बवाल्यांचं हत्यार फिरून रक्ताच्या कामाला आलं.

पण फासा पेशीत असतो कुठे? हे कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. जनुक म्हणजे एकसारखा वाहणारा नळ, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचं काम पावसाच्या सरींसारखं. मधेच जोरात, मधेच बंद. २००२ मध्ये मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी एकाच जीवाणूत दोन रंगांची प्रथिनं बनवणारी सारखीच जनुकं घालून ही लहर मोजून दाखवली. २००८ मध्ये हन्ना चांग, सुई हुआंग आणि मंडळींनी उंदराच्या रक्तपूर्व पेशी घेतल्या. सगळ्या एकाच वंशाच्या, तरी एका प्रथिनाच्या प्रमाणात हजारपट फरक! कमी प्रथिनवाल्या पेशी लाल पेशींकडे कललेल्या, जास्तवाल्या पांढऱ्यांच्या एका घराण्याकडे. त्याहून भारी गोष्ट म्हणजे, फक्त कमी प्रथिनवाल्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या तर आठवड्याभराहून थोड्या जास्त काळात तो सगळा फरक पुन्हा आपोआप तयार झाला. म्हणजे हा बिघाड नव्हे, ही सोय आहे. कुठल्याही घडीला काही पेशी या वाटेच्या उंबऱ्यावर, काही त्या वाटेच्या. आपल्याला सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी लागतात, एवढी तयारी हवीच.

सगळंच फाशांवर नाही, हेही सांगायला हवं. गाटा-वन आणि पीयू-वन या दोन प्रथिनांच्या यादृच्छिक रस्सीखेचीत पेशीची वाट ठरते, असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. २०१६ मध्ये टिम श्रोडर यांच्या गटाने एकेका पेशीवर दिवसेंदिवस नजर ठेवून दाखवलं की निदान ही सुरुवातीची निवड तशी होत नाही. फासा नेमका कुठे पडतो, यावर वाद चालू आहे.

आता परत तारापूरला येऊ. केंद्रात किरणोत्सर्गाच्या जागी काम करणाऱ्याच्या छातीवर एक बॅज असतो. मात्रा किती झाली ते त्यावरून मोजतात. मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने कॅन्सरसारख्या परिणामांना जो शब्द वापरला तो 'स्टोकॅस्टिक', म्हणजे फाशांवर अवलंबून. टिलच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही हाच शब्द होता. मात्रा वाढली की वाढते ती शक्यता. आजार मात्र झाला तर पूर्ण होतो, नाही तर नाहीच.

इथे खरी अडचण होते. घिवलीतल्या किंवा चिंचणीतल्या माणसाचा प्रश्न सरासरीचा नसतोच. 'माझ्या पोराला होईल का?' हा असतो. झालाच, तर 'यामुळेच झाला का?' हा असतो. आणि ल्युकेमियाच्या पेशीवर कारणाची चिठ्ठी चिकटवलेली नसते. म्हणून एक बाजू म्हणते, शक्यता नगण्य आहे, विषय संपला. दुसरी बाजू एका रुग्णाकडे बोट दाखवून म्हणते, हा घ्या पुरावा. माझ्या मते फाशांचं गणित दोघांनीही अर्धवट वाचलंय. एका फाशावरून काही सिद्ध होत नाही, पण लाखभर फासे मोजले तर कुठला फासा जड आहे ते लपत नाही. टाटा मेमोरियलने या भागात कॅन्सरच्या नोंदवहीचं काम हाती घेतलं, त्याचं मोल इथे आहे. गावागणिक, वर्षागणिक, प्रत्येक रुग्णाची नोंद. अशी नोंद लोकांसमोर उघडी असेल, तरच 'शक्यता कमी आहे' या वाक्याला वजन येतं.

मोठी माणसं एखाद्या आजाराला 'नशीब' म्हणून गप्प बसायची. टिल आणि मॅकलॉकने रक्तातलं नशीब दशांश चिन्हात लिहून दाखवलं. यादृच्छिक म्हणजे हिशोबाबाहेरचं नव्हे. उलट, त्याचाच हिशोब जास्त काटेकोरपणे ठेवावा लागतो.