चुंबकीय लोह खनिजे, काळ्या मृदेतील
खडक कुजून झालेल्या मृदेत आढळणारी व चुंबकाकडे आकर्षिली जाणारी लोहाची ऑक्साइडे. मॅग्नेटाइट व मॅगेमाइट ही त्यांपैकी प्रमुख होत. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचा परिसर दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टी पठारावर असून हा खडक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे. त्यातील टिटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटाचे कण सहजासहजी कुजत नाहीत. खडकाचा मुरूम व मुरमाची माती झाली, तरी ते मागे उरतात. ओढ्यांच्या वाळूत चुंबक फिरविल्यास हेच काळे कण त्याला चिकटून येतात.

कण काळे, म्हणून त्यांच्यामुळेच जमीन काळी, हे अनुमान स्वाभाविक होते. एच. ई. ॲनेट यांनी १९१० मध्ये कापसाच्या काळ्या जमिनीच्या रंगाविषयी लिहिताना टिटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटाला महत्त्वाचे स्थान दिले. पुढील संशोधनात मात्र रंगाचा उगम मुख्यत्वे सूक्ष्म चिकणमातीत व तिच्याशी घट्ट निगडित असलेल्या अल्प सेंद्रिय द्रव्यात असल्याचे दिसून आले. या जमिनींत सेंद्रिय कार्बन बहुधा १ टक्क्याहून कमी असतो. तेव्हा काळी जमीन म्हणजे सेंद्रिय द्रव्याने समृद्ध जमीन, ही समजूतही तितकीच फसवी होय. रंगावर विसंबून खताचा हात आखडल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते.

मॅगेमाइट हे नाव पी. ए. वॅग्नर यांनी १९२७ मध्ये मॅग्नेटाइट व हेमॅटाइट या नावांच्या आद्याक्षरांवरून दिले. संघटन हेमॅटाइटाचे, पण स्फटिकरचना व चुंबकत्व मॅग्नेटाइटासारखे, असे हे खनिज आहे. मॅग्नेटाइटाच्या मंद ऑक्सिडीभवनाने ते बनते. खुद्द मृदेतही चुंबकीय खनिजे नव्याने निर्माण होतात. फ्रान्समध्ये ई. ल बॉर्न यांनी १९५५ मध्ये वरचा थर खालच्या थरापेक्षा अधिक चुंबकीय असल्याचे दाखविले. ओल्या मृदेत सेंद्रिय द्रव्यामुळे लोहाचे क्षपण होते. ती सुकू लागली की अतिसूक्ष्म मॅग्नेटाइट निर्माण होऊन त्याचे मॅगेमाइट होते. पालापाचोळा वा धसकटे जाळल्यानेही असाच बदल घडतो. उलट पाणी दीर्घकाळ साचून राहिल्यास हे सूक्ष्म कण विरघळून नाहीसे होतात. बेसाल्टी प्रदेशात मूळ खडकातून आलेल्या कणांचे चुंबकत्व इतके प्रबळ असते, की मृदेत नव्याने बनलेला अंश त्यात झाकला जातो. म्हणून चिखलीसारख्या ठिकाणी केवळ वरच्या थराच्या मापनावरून निष्कर्ष न काढता मृदेखालील मुरमाचेही मापन करावे लागते.