धूळ

धूळ (स्त्री.) : माती, दगड, राख, पराग, कापडाचे तंतू अशा कोरड्या पदार्थांचे वाऱ्याने उडणारे व वारा पडला की खाली बसणारे बारीक कण. मूळ संस्कृत ‘धूलि’. उडत असेपर्यंत तो धुरळा किंवा धुराळा. केर आणि धूळ यांत घरोघरी फरक करतात : केर झाडूने निघतो, धूळ फडक्याने पुसावी लागते. संतसज्जनांच्या पायांशी आली की तिला रज म्हणतात.

वाक्प्रचारांत धुळीच्या वाट्याला बहुधा हीनपणा येतो. हरवले म्हणजे धूळ चारली, फसवले म्हणजे डोळ्यांत धूळ फेकली, वाताहत झाली ती धूळधाण. अर्ज कचेरीत धूळ खात पडतो. आदराचे प्रयोग थोडे, पण जिवाभावाचे आहेत. ‘एकदा पायधूळ झाडा’ हे मनापासूनचे आमंत्रण. पंढरपुरी पोचल्यावर, स्नानाआधी, वाटेच्या धुळीने माखल्या पायांनीच घेतलेले विठ्ठलाचे दर्शन म्हणजे धूळभेट किंवा धूळदर्शन. गुरे घरी परततानाची वेळ गोरज. लग्नाचा मुहूर्तही त्याच नावाचा. होळीच्या दुसऱ्या दिवशीची धुळवड सर्वांना ठाऊक आहे.

शेतीत धूळपेरणी म्हणजे पाऊस येण्याआधी कोरड्या रानात केलेली पेरणी. विदर्भ-खानदेशात कपाशी अशी टोबतात. कोकणात भाताच्या रोपासाठी धूळवाफ पेरतात. पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे जाते. एक सर येऊन उघडीप पडली तर कोंब जळतात आणि दुबार पेरणीचा खर्च बसतो. ज्या मोसमी पावसावर ही सगळी भिस्त, त्याच्याशीही धुळीचा संबंध आहे. अरबस्तानातून उडणारी वाळवंटी धूळ अरबी समुद्रावरची हवा तापवते व त्यामुळे बाष्पाने भरलेले वारे जोराने भारतात शिरतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले आहे.

शिक्षणाच्या इतिहासात धुळीचे स्थान फार मोठे आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे : ही धूळपाटी. पंतोजींच्या शाळेत मुले तिच्यावर धुळाक्षरे गिरवीत; कोणत्याही विद्येच्या पहिल्या पाठांना आजही तेच नाव आहे. गणितही याच पाटीवर वाढले. संस्कृतात आकडेमोडीला पाटीगणित आणि धूलिकर्म अशी नावे आहेत. भारतीय अंकपद्धती अरबांकडे गेली ती धूळपाटीसकट, आणि मगरिब (वायव्य आफ्रिका) व अंदलुस (मुस्लिम स्पेन) येथल्या अंकांना ‘गुबार’ म्हणजे धुळीचेच नाव पडले. दहाव्या शतकात दमास्कसच्या अल्-उक्लीदिसी या गणितज्ञाने हीच आकडेमोड कागद-शाईने कशी करावी हे लिहिले. धुळीवर आकडे पुसत पुढे जावे लागते, त्यामुळे मधल्या पायऱ्या तपासता येत नाहीत; कागदावर त्या राहतात.

पुढे धूळपाटीची जागा दगडी पाटीने घेतली. तिच्यासाठी लागणाऱ्या पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर येथे दगड कापून तयार होत. विजेच्या करवतींमुळे कारखान्यांत सिलिकाची धूळ कोंडू लागली आणि तरुण वयातच कामगार सिलिकोसिस या फुप्फुसांच्या रोगाने मरू लागले. पाहणीत निम्म्याहून अधिक कामगारांना हा रोग आढळला होता. देशभरच्या मुलांनी ज्या पेन्सिलींनी अक्षरे गिरवली, त्यांची ही किंमत प्रत्येक शालेय पुस्तकात असायला हवी.

जाड धूळ नाकात आणि घशात अडते. सिलिकाचे काही मायक्रोमीटरचे कण मात्र फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांना गिळणाऱ्या पेशी मरतात, तेथे व्रणांच्या गाठी बनतात आणि काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. तो बरा करणारे औषध नाही. क्षयाचा धोकाही वाढतो. दगड ओला ठेवून कापणे आणि कापतानाच धूळ यंत्राने ओढून घेणे हे खरे उपाय. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण आरपार जातात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक केले, पण खडी फोडणारे, पाटे-वरवंटे घडवणारे पाथरवट आणि घरोघरी फरशी कापणारे मजूर बहुधा कोणत्याच कारखान्याच्या पटावर नसतात. त्यांच्या खोकल्याला अनेकदा क्षय समजून औषध दिले जाते आणि सिलिकोसिसची नोंद राहून जाते.