बोधचिन्हांचा व्यवसाय : एक उपेक्षित कला

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत आजवर वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, साखर कारखान्यांचे संचालक अशा अनेकांची चरित्रे छापून आली. चित्रकलेवर चरितार्थ चालविणाऱ्या माणसाविषयी मात्र एकही लेख आल्याचे मला स्मरत नाही. संपादक मंडळाने यंदा मजकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा मी बुद्ध्याच हा विषय घेतला. त्यास एक खासगी कारणही आहे. ते ओघाने पुढे येईल.

व्यापारी मालावर खूण घालण्याची चाल आपल्या जिल्ह्यास नवी नाही. संगमनेर हे विडीच्या धंद्याचे जुने ठाणे. विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकास पुष्कळदा अक्षरओळख नसे. तो चित्र पाहून आपला माल ओळखी. वेष्टनावरील चित्र हीच कारखानदाराची पत. त्याची कोणी हुबेहूब नक्कल केली की गिऱ्हाईक फसे आणि मूळ धन्याचे नाव बद्दू होई. अशा नकलांस आळा घालण्यासाठी १९४० साली व्यापारी चिन्हांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९५८ व १९९९ साली नवे कायदे होऊन तो बदलत गेला. कायद्याने चिन्हाच्या मालकाची नोंद ठेवली. ते चिन्ह ज्याने रेखाटले त्याचे नाव मात्र वेष्टनावर शोधून सापडावयाचे नाही.

चिन्ह करणे म्हणजे सुंदर चित्र काढणे, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः येथे काढण्यापेक्षा वगळण्याचेच काम अधिक. जे चिन्ह इमारतीवर हातभर उंचीचे दिसते, तेच पासबुकावर नखाएवढे उमटावयाचे असते. रंगीत असते, ते रबरी शिक्क्यातून एकाच शाईत उठावयाचे असते. आणि इतके होऊनही शेजारच्या पेढीच्या चिन्हाशी त्याचा घोटाळा होता कामा नये. याचे उत्तम उदाहरण आपल्या सर्वांच्या खिशात आहे. इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली, तेव्हा तिच्या चिन्हात वटवृक्ष होता. फांद्या, पाने, पारंब्या असा तो सगळा संसार. १९७१ साली त्याच्या जागी निळे वर्तुळ आले. मध्ये लहानसे छिद्र आणि तेथून खाली गेलेली एक सरळ फट. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांची ही कृती. कोणास त्यात कुलुपाचे छिद्र दिसते, तर कोणास तिजोरीजवळ उभा असलेला सामान्य माणूस. त्या शहरातील कांकरिया तलावावरून ते सुचले, अशीही आख्यायिका आहे. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पहिलीतील मूलही ते चिन्ह पाटीवर काढू शकते. वटवृक्ष काढण्याची शामत आम्हा गुरुजींचीही नव्हती.

या क्षेत्रातील एका मराठी गृहस्थाची कारकीर्द जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. रघुनाथ कृष्ण जोशी हे त्यांचे नाव; सहव्यावसायिक त्यांना ‘आर. के.’ म्हणत. जन्म १९३६ चा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी उपयोजित कलेचे, म्हणजे त्या काळी ज्यास ‘कमर्शियल आर्ट’ म्हणत त्याचे, शिक्षण घेतले. कमर्शियल हा शब्द तेव्हा काहीशा तुच्छतेनेच उच्चारला जाई. खरा कलावंत तैलचित्रे काढतो आणि पोटार्थी माणूस जाहिराती करतो, अशी ती वाटणी होती. जोशींनी ही वाटणी मानली नाही. ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत ते अनेक वर्षे कलासंचालक होते. मालाचे नाव कोणत्या वळणाने लिहावे, कोठे जाड करावे, कोठे मोकळे सोडावे, याचा विचार तेथे रोजचाच. त्याच सवयीने त्यांनी आपल्या देवनागरीकडे पाहिले. ते कवीही होते, आणि कवितेतील शब्द कागदावर कसा दिसावा याचेही प्रयोग त्यांनी केले.

१९८३ साली ते पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. तेथून निवृत्त झाल्यावर माणूस स्वस्थ बसता. यांनी संगणकावरील भारतीय लिप्यांचे काम अंगावर घेतले. देवनागरीची अडचण आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे : वेलांटी आधी की अक्षर आधी, रफार नेमका कोणावर, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतील भेद. ज्या गोष्टी मुलांना शिकविता शिकविता आमची वर्षे गेली, त्या यंत्रास शिकवावयाच्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण देशभर गेले, ते जोशींचे. सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी अन्य काही भारतीय लिप्यांसाठीही अशीच वळणे सिद्ध केली. ज्या जिल्ह्यात नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली आणि जेथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ छापून निघू लागले, तेथल्या कचेऱ्यांतील संगणकांवर पुढे कित्येक वर्षे मराठी उमटले ते पुष्कळदा याच वळणात. वाचणाऱ्यास वळण घडविणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. २००८ च्या फेब्रुवारीत जोशी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तले.

त्यांच्याच पिढीतील कमल शेडगे यांचे नाव नाट्यरसिक वाचकांस अधिक परिचित असेल. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ या नाटकांची नावे ज्या अक्षरांत आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती त्यांची. २०२० साली ते गेले.

आता ते खासगी कारण. १९८८ साली माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. फळ्यावरील सुविचार तो रोज लिही, आणि तो पुसण्यास माझा हात धजत नसे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत त्यास ‘अ’ श्रेणी मिळाली. दहावीनंतर मुंबईस कलाशाळेत जाण्याचा त्याने हट्ट धरला. त्याचे वडील सल्ल्यासाठी मजकडे आले. मी म्हणालो, “अहो, पाट्या रंगवून का कोठे संसार होतो? डी. एड्. ला घाला.” त्यांनी माझा शब्द मानला, गुरुजींचा शब्द मानावयाचा तो काळ होता. मुलगा शिक्षक झाला, चांगला शिक्षक झाला. जोशींसारखी माणसे तेव्हा मुंबईत काय करीत होती याची मला गंधवार्ताही नव्हती, आणि ती करून घ्यावी असे मला वाटलेही नाही. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेल्या माणसाने आपल्या माहितीच्या कुंपणाएवढेच जग मुलास दाखविले, याचे शल्य निवृत्तीनंतर अधिक बोचू लागले आहे.

गतवर्षी त्याची कन्या उपयोजित कलेच्या पदवीची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली. पेढे घेऊन तो स्वतः घरी आला. मागील गोष्टीचा त्याने उल्लेख केला नाही, मीच केला. “सर, तुम्ही तरी काय करणार?” एवढेच तो म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

आपल्या संस्थेच्या कागदांवर सध्या जे बोधचिन्ह छापले जाते, ते छापखान्यातील संगणकावरून तयार मिळालेले आहे. तसलेच कमळ मी एका पतपेढीच्या दिनदर्शिकेवर पाहिले. ते बदलून नवे चिन्ह या मुलीकडून करवून घ्यावे, असा प्रस्ताव मी कार्यकारी मंडळापुढे ठेवला आणि तो मान्य झाला. घरचीच मुलगी आहे, तेव्हा ती विनामूल्य करील, असे एका सभासदाने सुचविले. त्यास माझा विरोध मी इतिवृत्तात नोंदवून घेतला असून, मोबदल्याची रक्कम पुढील बैठकीत ठरावयाची आहे.