हुंडीचे निमे आणि गल्ल्यावरचा क्यूआर

भोपाळ दक्षिणेकडे कुठे संपते, असे पूर्वी विचारले की मिसरोदकडे बोट दाखवले जाई. आता शहर त्याच्याही पुढे सरकले आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीएस बसमार्गाचा २४ किलोमीटरचा पट्टा मिसरोदपासून बैरागढपर्यंत जात होता. जानेवारी २०२४ पासून तो उखडायला सुरुवात झाली. रस्ता मात्र जुनाच आहे, मंडीदीपवरून होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, घाटांकडे उतरणारा. त्याच्या कडेच्या दुकानांत गल्ल्यावर क्यूआरचा कागद चिकटवलेला असतो आणि शेजारचा डबा जमा झालेली रक्कम हिंदीत पुकारतो. अनोळखी माणसाने पुढे केलेल्या कागदावर, किंवा आता पडद्यावर, विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न डब्याच्या पुष्कळ आधीचा, माळव्याच्या पेढ्यांवर रोज सोडवला जाणारा.

डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला भोपाळमध्येच कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला. त्यात नर्मदा ते चंबळ या मुलखाबरोबर पन्नास लाख रुपयांच्या खर्चाचाही विषय होता. तहात आकडा लिहिणे सोपे. पण लाखाची रोकड बैलांवर लादून घाट उतरवायची म्हणजे लुटारूंना आवतण. म्हणून मोठ्या रकमा सावकारांच्या हुंड्यांवरून, म्हणजे परगावच्या पेढीला पैसे देण्यास सांगणाऱ्या चिठ्ठ्यांवरून, फिरत. रुपया जागेवरच राही, प्रवास कागद करी. आणि कागद प्रवास करू लागला की त्याच्याबरोबर लबाडीही निघते.

त्यावरची पेढीवाल्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. हुंडीवर रक्कम एकदा लिहून भागत नसे. आधी आकड्यात, मग अक्षरात, मग तिचे निमे आणि त्या निम्म्याची दुप्पट. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे, अशा थाटाचा मजकूर येई. हजाराचे दहा हजार करायला एक शून्य वाढवून चालणार नाही. पाचशे खोडावे लागतील, अक्षरेही खोडावी लागतील, आणि खाडाखोड दिसली की सराफ कागद परत सरकवणार. आपण आजही पावतीवर ‘रुपये शंभर मात्र’ लिहितो, तो ‘मात्र’ याच कुळातला पहारेकरी.

दुसरी युक्ती माणसाची. शाहजोग हुंडीचे पैसे घेऊन येणाऱ्या कुणाच्याही हातात पडत नसत. ते मिळत बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच. पुढे हुंडी चोरीची निघाली तर भरपाई करण्याची जबाबदारी त्याच्यावर. शिवाय हुंडी लिहिणारा सूचनेचे पत्र स्वतंत्रपणे धाडी. कागद एका वाटेने, खातरजमा दुसऱ्या वाटेने. आज एखाद्या पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका’ असा ईमेल येतो आणि मुनीम तो निमूट पाळतो, तेव्हा चुकते ते नेमके हेच: दुसरी वाट चोखाळलीच जात नाही. आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर एक फोन केला की काम भागते. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरावर मात्र करू नये. ती पुन्हा त्याच चोराची वाट.

इंग्रजांनी १८८१ मध्ये पराक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंडीसारख्या कागदांचे स्थानिक रिवाज त्याच्या पहिल्याच कलमात अबाधित ठेवले.

गुप्ततेची हौसही होतीच, आणि ती अंगाशीही येई. उत्तरेकडचे व्यापारी मुडिया लिपीत काना-मात्रा गाळून लिहीत. ‘काकाजी अजमेर गये’ हे कुणी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि घरात रडारड झाली, हा किस्सा अजून सांगितला जातो. आपल्याकडची मोडी लपवण्यापेक्षा लिहिण्याच्या वेगासाठी जास्त. तरी आज आजोबांचे दफ्तर उघडून बसलेल्या नातवाला ती कुलूपच वाटते. ज्या दुकानाच्या जीएसटीचा आणि बँकेचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात आहे, त्या दुकानाने हे दफ्तर एकदा बघून यावे.

हुंडी हरवली तर? तर ‘पेठ’ लिहून मिळे. तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले की मूळ कागद निकामी, त्याला म्हणत ‘खोखा’. परपेठेचे मोल समजायला जून २०१७ आठवावा. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे तिकडच्या ‘टॅली’सारख्याच रोजच्या वापरातल्या वस्तूतून, नॉटपेट्या नावाचा विषाणू पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली. आपल्या जेएनपीटी बंदरातले तिचे टर्मिनलही थबकले. कंपनीच्या संगणक-जाळ्याचा कणा असलेल्या नोंदींच्या प्रती एकमेकींशी सतत जोडलेल्या होत्या, म्हणून एकदमच पुसल्या गेल्या. शाबूत राहिली एकच, घाना देशातली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. वीज जाण्याला शिव्या घालणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट आवडावी. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून तो पेनड्राइव्ह त्याच संगणकाला लावून ठेवणे ही पेठ नव्हे. प्रत काढावी, तोडावी, घरी न्यावी.

वहीची शिवण हाही एक बंदोबस्त होता. लाल कापडात बांधलेल्या, दोऱ्याने शिवलेल्या चोपडीतून पान फाडले तर ते कळे. रोजकीर्दीतली चूक रबराने खोडायची नाही, पुढे उलटी नोंद करायची. संगणकाने ही शिस्त आधी घालवली, कारण पडद्यावरची नोंद मागमूस न ठेवता बदलते. मग कायद्यालाच ती परत आणावी लागली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, जे प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद ठेवते आणि ज्यातली ही सोय बंद करता येत नाही. एकट्या मालकाच्या दुकानाला हा नियम लागू नाही. पण ही सोय बाजारात आहे, आणि नोकर माणूस हिशेबाला बसत असेल तर ती दोघांच्याही भल्याची.

राहिला क्यूआर. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो जन्मला; ११ एप्रिल २०१६ ला यूपीआय आली आणि पुढे तो आपल्या गल्ल्यावर बसला. त्याची अडचण अशी की माणसाच्या डोळ्याला सगळे क्यूआर सारखेच. त्यात निमे नाही, अक्षरे नाहीत, शहा नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातच, खजुराहोला, चोरांनी रातोरात काही दुकानांबाहेरच्या आणि एका पेट्रोलपंपावरच्या क्यूआरवर आपले कागद चिकटवले. गिऱ्हाइके इमानदारीने पैसे देत होती आणि ते भलत्याच खात्यात जात होते. म्हणून हा कागद काचेच्या आत लावावा, सकाळी दुकान उघडताना स्वतःच एक रुपया पाठवून बघावा, आणि रक्कम मिळण्यासाठी पिन मागणाऱ्याला सरळ वाटेला लावावे, कारण पैसे घ्यायला पिन लागतच नाही. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० हा नंबर फिरवावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त.

खजुराहोच्या एका औषधाच्या दुकानात ही चोरी उघडकीला आली, ती कुठल्याही यंत्रामुळे नाही. गिऱ्हाइकाने कोड स्कॅन केला, पडद्यावर आलेले नाव वाचले आणि मालकिणीला सांगितले की इथे तुमचे नाव दिसत नाही.